सा म्हणजे नाही

ज्या भाषेत सा म्हणजे ‘नाही’ आणि नी म्हणजे ‘होय’, ती भाषा माझ्या आईला पहिल्या पाच मिनिटांतच नापसंत झाली. आयुष्यभर गाणे शिकवलेल्या बाईचा आक्षेप साधा होता. गवई मैफलीला बसतो तेव्हा त्याच्या मागे दोन तंबोरे अखंड षड्ज, म्हणजे सा, धरून असतात. त्या षड्जाचा अर्थ जर ‘नाही’ असेल, तर दोन तास ते तंबोरे त्याच्या कानाशी नाही, नाही, नाही एवढेच म्हणत राहणार, आणि मग त्या बिचाऱ्याने गायचे तरी कशाच्या जोरावर? नीबद्दल ती अधिकच ठाम होती. नीवर थांबलेला माणूस होकार देत नाही, तो उंबऱ्यात एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून उभा असतो, असे तिचे म्हणणे पडले. मी तिला सांगून पाहिले की ही भाषा करणारा माणूस फ्रेंच होता. शेजारच्या स्पेनमध्ये आणि इटलीत होकाराला ‘सी’ म्हणतात, खुद्द फ्रेंचमध्येही नकारार्थी प्रश्नाला उलटून होकार द्यायचा तर ‘सी’च म्हणतात, तेव्हा ‘सी’ नावाच्या सुराला, म्हणजे आपल्या नीला, त्याने ‘होय’चा अर्थ दिला यात नवल नाही. त्यावर ती म्हणाली, “मग ते अक्षर झालं. सूर कुठे झाला?”

हा प्रश्न तिने मेथी निवडता निवडता टाकला आणि ती विसरूनही गेली. मी मात्र गेले काही महिने त्याच्याच भोवती फिरतो आहे.

भाषेचे नाव सोलरेसोल. आपल्या सरगमात सांगायचे तर ‘परेप’. ती रचणारा फ्रांस्वा स्यूद्र हा दक्षिण फ्रान्समधल्या आल्बी गावी 1787 साली जन्मला, पॅरिसच्या संगीतशाळेत शिकला आणि पुढे संगीतशिक्षक झाला. जगातल्या सगळ्या माणसांना समजेल अशी एक भाषा हवी हे स्वप्न त्या काळात अनेकांना पडत होते, पण स्यूद्रचा हिशेब वेगळा होता. त्याच्या मते अशा भाषेची वर्णमाला नव्याने शोधण्याची गरजच नव्हती, कारण दो, रे, मी, फा, सोल, ला, सी (आपले सा, रे, ग, म, प, ध, नी) ही सात नावे युरोपात शिकलेल्या प्रत्येक वादकाला ठाऊक होती. या सातांतूनच सगळे शब्द घडवायचे, म्हणजे ते बोलता येतील, गाता येतील, व्हायोलिनवर वाजवता येतील, सात आकड्यांनी लिहिता येतील, इंद्रधनुष्याच्या सात रंगांनी दाखवता येतील आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला बोटांच्या खुणांनी सांगता येतील. स्यूद्र आपल्या शिष्यांना घेऊन जाहीर प्रयोग करीत असे: तो व्हायोलिनवर काही सूर वाजवी आणि शिष्य त्याचे वाक्य करून सांगत. फ्रेंच लष्कराने आणि आरमाराने त्याच्या दूरसंदेशाच्या कल्पनेच्या चाचण्या घेतल्या. बिगुलावर मोजकेच सूर निघतात म्हणून त्यासाठी त्याने निवडक सुरांची एक वेगळी संकेतपद्धती बसवली, आणि तिला जे नाव दिले ते होते ‘टेलिफोनी’. ग्रॅहम बेलचे यंत्र यायला तेव्हा अजून कित्येक वर्षे होती. कौतुक पुष्कळ झाले, भाषा कोणी शिकली नाही. स्यूद्र 1862 मध्ये वारला, त्याचा ग्रंथ त्याच्या पत्नीने 1866 मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे 1902 साली बोलेस्लास गाजेव्स्की याने या भाषेचे एक सुटसुटीत व्याकरण छापले. आज जे कोणी हौशी लोक सोलरेसोल शिकतात ते बहुधा त्या व्याकरणाचे बोट धरूनच.

मी या भाषेकडे वळलो तो माझ्या पेटीमुळे. गळा नाही म्हणून मला लहानपणी पेटीवर बसवले गेले, आणि त्या काळापासून पेटी हे माझे संगीतातले एकमेव कुळ आहे. स्यूद्रच्या शब्दांची यादी हाताशी आली तेव्हा मी ती आपल्या सरगमात उतरवली, पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, तिला सा धरला आणि वाजवायला बसलो. यात एक लबाडी आहे, ती आधीच सांगून टाकतो. फ्रेंच पद्धतीत ‘दो’ हा विशिष्ट उंचीचा, जागेवर खिळलेला सूर आहे. आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे कुठल्याही पट्टीत बसतो. पण एकदा पांढरी एक हीच आपली पट्टी असे ठरवून घेतले की दोन्ही व्यवस्था एकमेकींवर बरोबर बसतात, आणि स्यूद्रची सगळी भाषा बिलावल थाटात, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांत, येऊन पडते. पेटीवरच्या काळ्या पट्ट्या या भाषेत मुक्या आहेत. कोमल गंधारात काही म्हणायचे असेल तर ते सोलरेसोलमध्ये म्हणता येत नाही.

शब्दसंग्रहाची रचना मात्र अशी आहे की हिशेबी माणसाला तिचा मोह पडावा. एका सुराचे शब्द सात: सा नाही, रे आणि, ग किंवा, नी होय, आणि असेच बाकीचे. दोन सुरांचे शब्द 49, त्यांत सर्वनामे आणि बारीकसारीक अव्यये: सारे म्हणजे मी, साग म्हणजे तू, साम म्हणजे तो. तीन सुरांचे 336, त्यांत रोजच्या वापरातल्या गोष्टी. चार सुरांचे 2268, आणि हे पहिल्या सुराप्रमाणे खात्यांत विभागलेले: साने सुरू होणारे शब्द माणसाच्या देहामनाचे, पने सुरू होणारे कलांचे आणि शास्त्रांचे, धने सुरू होणारे उद्योग-व्यापाराचे, नीने सुरू होणारे नगर आणि राज्यकारभाराचे. एकूण 2660 शब्द. शब्दाच्या पहिल्या अक्षरावरूनच त्याचे कूळ कळावे ही हौस युरोपात स्यूद्रच्याही आधीची. इंग्लंडात जॉन विल्किन्सने 1668 मध्ये असाच एक प्रचंड डोलारा उभारला होता. तलाठ्याच्या दप्तरासारखी ही व्यवस्था आहे. गट नंबर कळला की जमीन सापडते, फक्त नंबर चुकता कामा नये.

नंबर चुकला की काय होते ते माझ्या भाच्याने दाखवून दिले. तो नववीत आहे, तबला शिकतो, सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता आणि मोबाईलची मुदत संपल्यावर काहीही करायला तयार होता. मी त्याला शब्दांची यादी दिली, आतल्या खोलीत बसवले आणि बाहेरून पेटीवर एकेक शब्द वाजवू लागलो. त्याने तो ओळखून वहीत लिहायचा. सुरुवातीला कालवाचक शब्द घेतले, कारण ते पाठ करायला सर्वांत सोपे: सारेसा म्हणजे वेळ, सारेग दिवस, सारेम आठवडा, सारेप महिना, सारेध वर्ष, सारेनी शतक. पायऱ्या चढत जावे तसा काळ मोठा होत जातो. कागदावर इतकी सुंदर कल्पना की मी ती त्याला दोनदा समजावून सांगितली. दहा मिनिटांनी आतून आवाज आला, “मामा, तू महिना वाजवलास की वर्ष?” मी पुन्हा वाजवले. तो म्हणाला, “तेच विचारतोय मी.”

दोष त्याच्या कानाचा नव्हता. पंचम आणि धैवत, म्हणजे प आणि ध, शेजारी राहतात, आणि ज्याला आधीचा सा कानात पक्का धरून ठेवायची सवय नाही, त्याला एका पायरीचा फरक भिंतीपलीकडून कळणे अवघडच. पण खरी गोम अर्थाच्या मांडणीत आहे. मराठीत दिवस, आठवडा, महिना, वर्ष, शतक या शब्दांचे आपसात काहीच नाते दिसत नाही, आणि हेच त्यांचे मोठे सामर्थ्य आहे. लोकलच्या खडखडाटात नुसते ‘ठवडा’ ऐकू आले तरी आठवडा हे कळते. ‘हिना’ ऐकू आले तरी पुढच्या महिन्याचे बोलणे चालले आहे हे लक्षात येते. एकमेकांच्या जागी येऊ शकणारे शब्द भाषेने परस्परांपासून लांब बसवले आहेत. स्यूद्रने तेच शब्द मांडीला मांडी लावून बसवले, कारण त्याला ते यादीत शोभून दिसले. ‘तीन महिन्यांनी पैसे परत करतो’ हे वाक्य पेटीवर वाजवून कोणी कर्ज घेतले असते तर सावकाराने नंतर कोणत्या सुरावर बोट ठेवले असते, हे सांगायला नको.

मध्य आफ्रिकेतले लोक हाच प्रश्न फार निराळ्या रीतीने सोडवत. काँगो नदीकाठची लोकेले भाषा खरोखरीची सुरांची भाषा आहे: प्रत्येक अक्षर उंच किंवा खाली उच्चारले जाते आणि त्यावर अर्थ ठरतो. तिथले लोक लाकडी नगाऱ्यावरून निरोप पाठवत, तेव्हा नगारा फक्त सूर वाजवू शके. व्यंजने आणि स्वर गळून जात. ‘सोंगे’ म्हणजे चंद्र आणि ‘कोको’ म्हणजे कोंबडी, हे दोन्ही शब्द नगाऱ्यावर हुबेहूब सारखे, दोन उंच ठोके. म्हणून नगारा वाजवणारा कधीच नुसता ‘चंद्र’ म्हणत नसे. तो म्हणे, ‘चंद्र जो धरतीकडे खाली पाहतो’, आणि कोंबडीसाठी तिच्या पिलासारख्या किओकिओ आवाजाचे लांबलचक विशेषण जोडे. जॉन कॅरिंग्टन नावाच्या इंग्रज मिशनऱ्याने तिथे बरीच वर्षे राहून हे सारे नोंदवले आणि तो स्वतःही नगारा वाजवायला शिकला. एका शब्दाच्या जागी आठ शब्द, हे स्यूद्रला निव्वळ उधळेपणाचे वाटले असते. पण नगाऱ्याचा निरोप नदीपलीकडे पोचत होता आणि आमचा महिना भिंतीपलीकडे पोचला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाक्यावर आलो. पहिले वाक्य कोणते घ्यावे याबद्दल परभाषा शिकणाऱ्या कोणत्याही माणसाच्या मनात फारसा गोंधळ नसतो, त्यामुळे मी ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हेच घेतले: सारे, गधनी, साग. कर्ता, क्रियापद, कर्म, असा क्रम बांधलेला. पेटीवर ते कानाला बरे वाटते, साग हा शेवट जरा अधांतरी राहतो इतकेच. भाच्याने आतून लिहिलेले पान आणून दाखवले. त्यावर लिहिले होते: ‘दिवस’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. माझ्या बोटांनी दोन शब्दांमध्ये पुरेसा विराम घेतला नव्हता, त्यामुळे सारे आणि गधनी यांच्यातला ग सारेला जाऊन चिकटला आणि सारेग, म्हणजे दिवस, तयार झाला. उरले धनीसाग. धने सुरू होणारा चार सुरांचा शब्द म्हणजे उद्योग-व्यापाराच्या खात्यातला काहीतरी. प्रेमाची कबुली अर्ध्या मात्रेच्या घाईने बाजारभावाकडे वळली होती. त्यात ‘धनी’ हे अक्षर ऐकून आईने आतून जे म्हटले ते इथे लिहीत नाही.

व्याकरण त्या मानाने मला आवडले. क्रियापद कधीच बदलत नाही. काळ दाखवायला एकच सूर दोनदा वाजवून क्रियापदाच्या आधी ठेवायचा: सासा भूतकाळासाठी, गग भविष्यकाळासाठी, पप आज्ञेसाठी. सारे सासा गधनी साग, माझे तुझ्यावर प्रेम होते. सारे गग गधनी साग, मी तुझ्यावर प्रेम करीन. मराठीत या वाक्यात करतो की करते हे आधी ठरवावे लागते, म्हणजे बोलणारा पुरुष की बाई हे तोंड उघडताच उघड करावे लागते. स्यूद्रच्या क्रियापदाला ते पुसायचे कारण पडत नाही. चांगल्याचे वाईट करायचे तर शब्द उलटा वाचायचा. गप म्हणजे भले, पग म्हणजे बुरे. (आमच्याकडे गप म्हणजे काय ते भाच्याने मला लगेच ऐकवले.) या नियमाचा कळस म्हणजे सागप आणि पगसा. सागप म्हणजे ईश्वर आणि पगसा म्हणजे सैतान. युरोपच्या कानाला सा-ग-प ही सुरांची पूर्ण, निर्दोष जुळणी, तीच त्यांची मूळ स्वरसंगती. तेव्हा देवाला हाच शब्द मिळावा हे ओघानेच आले. पण ही जोडी आईला वाजवून दाखवली आणि कोणता शब्द कशाचा असेल असे विचारले, तर तिने क्षणाचाही विचार न करता पगसा हा देव ठरवला. तिच्या दृष्टीने सागप म्हणजे निघालेला माणूस आणि पगसा म्हणजे घरी आलेला. सुराला खाली उतरून षड्जावर विसावा मिळतो तिथे सैतान बसवणाऱ्या माणसाबद्दल तिचे मत त्या दिवसापासून कायमचे झाले.

आता शब्दांच्या जातींकडे येतो, कारण तिथे माझ्या पेटीनेच हात टेकले. एकाच शब्दातून क्रियापद, नाम, विशेषण, क्रियाविशेषण काढायचे तर स्यूद्र आघात वापरतो. रेपगध म्हणजे चालू ठेवणे. रेवर जोर दिला तर सातत्य. पवर जोर दिला तर चालू ठेवणारा माणूस. गवर जोर दिला तर अखंड चालणारे, आणि शेवटच्या धवर जोर दिला तर सतत. अनेकवचन करायचे तर शेवटचे अक्षर लांबवायचे, स्त्रीलिंगासाठीही शेवटच्या स्वरावर रेंगाळायचे. व्हायोलिनवर हे सारे शक्य असेल; गज दाबला की सूर उसळतो. पेटीच्या पट्टीला जोर कळत नाही. पट्टी हळू दाबा की आपटून दाबा, सूर तितकाच निघतो. जो काही जोर असतो तो डाव्या हातात, भात्यात. रेपगधमधल्या एकट्या पला उठाव द्यायचा म्हणजे रे वाजता वाजता भाता सावरायचा, पच्या क्षणी झटका द्यायचा आणि गच्या आत तो आवरायचा. मी अर्धा तास प्रयत्न केला. पेटीला उचकी लागल्यासारखा आवाज येत होता आणि भाच्याच्या वहीत माझा प्रत्येक ‘चालू ठेवणारा’ नुसताच ‘चालू ठेवणे’ म्हणून उतरत होता.

आईच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसू लागले, आणि ते तिच्याच बाजूने आहे. सोलरेसोल सुरांनी बनलेली आहे, पण ती सुरांची भाषा नाही.

सुरांची भाषा मी जवळून ऐकली ती वसतिगृहात. माझ्या खोलीतला जोडीदार अमृतसरकडचा होता. तो घोड्याला ‘घोड़ा’ लिहायचा, पण बोलताना त्याच्या तोंडून घ बाहेरच पडत नसे. ऐकू येई ते ‘कोड़ा’, आणि ‘को’वर आवाज खोल विहिरीत उतरल्यासारखा खाली जाऊन वर येई. चाबकाला तो म्हणे कोड़ा, सपाट आवाजात. आणि ‘कोढ़ा’, म्हणजे महारोगी, म्हणताना पहिल्या अक्षरावर आवाज उंच चढे. माझ्या मराठी कानाला हे तिन्ही शब्द कितीतरी दिवस एकच होते. मी घोडा म्हणायचो, त्यात भरभक्कम घ घालायचो, आणि त्याला त्यात परगावचा वास यायचा. पंजाबीने घ, झ, ढ, ध, भ यांतला महाप्राण, म्हणजे ह-सारखा श्वासाचा झोत, बोलण्यातून झिजवून टाकला, पण जाताना तो शेजारच्या स्वरावर सुराची खूण ठेवून गेला. व्हिएतनामी भाषेबद्दल फ्रेंच भाषावैज्ञानिक ओद्रिकूर याने 1954 मध्ये हेच दाखवले होते: आज तिच्यात जे सहा सूर आहेत ते मुळात नव्हते, शब्दाच्या शेवटची आणि सुरुवातीची व्यंजने झिजत गेली आणि त्यांच्या जागी सूर उगवले. सुरांच्या पुष्कळ भाषांत सूर अशा रीतीने आलेला असतो, हरवलेल्या वर्णाच्या मोबदल्यात. तो कोणी तक्ता करून वाटलेला नसतो.

आणि तो अक्षरावर स्वार असतो. चिनी ‘मा’ सपाट उंच म्हटला तर आई, चढता म्हटला तर ताग, खाली बुडी मारून वर आणला तर घोडा, वरून खाली फेकला तर शिवी देणे. म आणि आ जागच्या जागी आहेत, अर्थ बदलला तो त्यांच्यावरून गेलेल्या सुराने. शिवाय ते चार सूर म्हणजे चार पट्ट्या नव्हेत, त्या चार हालचाली आहेत, चार मींडा म्हणा हवे तर, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे; बाईच्या आणि पुरुषाच्या, म्हाताऱ्याच्या आणि पोराच्या गळ्यात त्यांची उंची वेगवेगळी असते आणि तरी कोणाचे अडत नाही, कारण ऐकणारा उंची मोजत नाही, चाल ओळखतो. सोलरेसोलमध्ये अक्षर आणि सूर एकमेकांवर बसत नाहीत, ते एकमेकांची नावे आहेत. ‘गधनी’ सपाट आवाजात बोलून दाखवले तरी अर्थ पोचतो, म्हणजे सूर काढून घेता येतो. पेटीवर वाजवले तरी पोचतो, म्हणजे अक्षर काढून घेता येते. हीच तर स्यूद्रची शोभा होती. पण ज्या सुराला काढून घेतले तरी काही बिघडत नाही त्याला सूर का म्हणायचे, असा आईचा रोख होता.

आपल्याकडे हा रोख फार जुना आहे. पाणिनीने उदात्त, अनुदात्त आणि स्वरित यांची व्याख्या तीन लहान सूत्रांत केली: उच्चैरुदात्तः, नीचैरनुदात्तः, समाहारः स्वरितः. उंच, खाली, आणि दोहोंचा मिलाफ. तिसऱ्यात एकाच अक्षरावर वरून खाली येणारी हालचाल आली, म्हणजे पुन्हा मींडच. आणि सूर चुकला तर काय होते याची गोष्ट वैयाकरणांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मागण्यासाठी यज्ञात ‘इंद्रशत्रु’ हा शब्द उच्चारला. शेवटचे अक्षर उंच म्हटले असते तर तो तत्पुरुष झाला असता, इंद्राचा मारेकरी. उंची पहिल्या अक्षरावर पडली आणि तो बहुव्रीही झाला: ज्याचा मारेकरी इंद्र आहे असा. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. वर्ण सगळे शुद्ध होते. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या ग्रंथाच्या शब्दांत चूक होती ती ‘स्वरतः’, म्हणजे स्वराची. स्यूद्र आपल्या शब्दाचे नाम करायला पहिल्या सुरावर जोर देतो आणि क्रियाविशेषण करायला शेवटच्या, तेव्हा तो नकळत याच वाटेवर आलेला दिसतो. फक्त उंची त्याने आधीच शब्द घडवण्यात खर्च करून टाकलेली असते, म्हणून त्याला जोराकडे वळावे लागते.

या खर्चाची सर्वांत मोठी किंमत कळायला मला ‘हो’ हा एक शब्द पुरला. मराठी ही सुरांची भाषा नाही, आणि तरी आमच्या घरात दिवसभरात जे ‘हो’ म्हटले जातात त्यांतले दोन सारखे नसतात. चढत गेलेला हो म्हणजे खरेच का. तुटक हो म्हणजे ऐकले, आता पुरे. लांबून खाली उतरलेला होऽ म्हणजे आलोच, जरा थांब. आणि वर जाऊन वळलेला हो म्हणजे हो का, बघतोच. सूर शब्दाच्या अर्थात गुंतलेला नाही म्हणून तो मनःस्थितीसाठी मोकळा राहिला आहे. चिनी माणूसही रागावतो, विचारतो, चिडवतो. त्याच्या वाक्याची एकूण पट्टी वर-खाली होते आणि आतले शब्दांचे सूर त्या पट्टीत आपापली चाल टिकवतात. सोलरेसोल वाजवणाऱ्याने चिडायचे कसे? स्वर वर नेला तर शब्द बदलतो. जोर दिला तर क्रियापदाचे नाम होते. लांबवले तर एकाचे अनेक होतात. होकारासाठी एक नी आहे, तो तेवढाच आहे, आणि त्यात कोणाचाही राग मावत नाही. संगीतातून काढलेल्या भाषेत संगीताचे नेहमीचे काम करायलाच जागा उरलेली नाही.

हे सगळे लिहून झाल्यावर ती भाषा मला टाकाऊ वाटू लागली आहे असे मात्र नाही. पेटीवरही असेच आरोप झाले होते: तिला मींड येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांच्या मधले बारीक सूर, येत नाहीत, ती सुराचे तुकडे पाडते. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला बाहेर ठेवले ते याच कारणाने, आणि तरीही महाराष्ट्रात ती घराघरांत, भजनी मंडळात आणि नाटकाच्या पिटात वाजतच राहिली. सोलरेसोल ही पेटीची भाषा आहे. तिचे तुकडे स्वच्छ आहेत, नववीतल्या मुलाला दुपारभरात तिची लिपी येते, आणि भाऊबहिणीला मोठ्यांच्या देखत खुसपुसायला तिच्याइतकी चांगली सोय नाही. भाचा परत गेला तेव्हा यादीची एक प्रत त्याने आपल्या बहिणीसाठी नेली.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने आजीला ते वाक्य गाऊन दाखवायला लावले. तिने आधी नाही म्हटले, मराठीत. मग पेटी बाजूला सारायला सांगितली, तंबोऱ्याची सोय मोबाईलवर झाली, काळी चार लागली. सारे तिने सरळ म्हटले. गधनी घेताना मात्र तिने गवरून उचललेला सूर धपर्यंत सलग ओढत नेला, तिथे जरा झुलवला, नीला नुसता स्पर्श केला आणि सागवर अलगद येऊन ग इतका वेळ धरला की फ्रेंच व्याकरणाप्रमाणे त्याचे निदान अनेकवचन तरी झाले असावे. भाचा मांडीवर यादी घेऊन बोट फिरवत ऐकत होता.

“आजी, ग आणि धच्या मधे म आणि प पण आले. ते शब्दात नाहीयेत.”

“लागले नाहीत ते,” ती म्हणाली, “वाटेत होते.”

त्याने थोडा विचार केला, पेन्सिल काढली आणि यादीत गमपध हा शब्द शोधायला घेतला.